हमरचा कौल

यंदाचा दसरा सुट्टीच्या दिवशी आला आणि तिथेच घात झाला. एरवी सणावारी कोणी ना कोणी ड्यूटीवर असायचं, त्यामुळे ओमानातल्या अल हैलच्या त्या घरात सगळे घाडी एका वेळी जमत नसत आणि म्हणूनच घराण्यात बऱ्यापैकी शांतता होती. आज मात्र धाकटा कौशिक भल्या सकाळी निझव्याहून येऊन ठेपला होता. थोरला अजिंक्य आणि त्याची बायको यशश्री तर त्याच घरात राहत होते. आणि त्यांच्या बापाचा, रमणचा, जुना दोस्त जमाल हलव्याचा डबा घेऊन सहमहून निघाला होता. सगळ्यांचा विषय एकच. तो अंगणात उभा होता, पिवळाधमक, आणि त्याने अजिंक्यच्या गाडीची जागा, यशश्रीच्या तुळशीचं ऊन आणि रमणच्या बायकोचं, मंगलाचं, म्हातारपण अडवून धरलं होतं.

ती हमर होती. मूळची फौजेची गाडी. कुवेतच्या लढाईत वाळू उडवत गेली, टीव्हीवर दिसली, पैसेवाल्यांनी हट्ट धरला आणि कंपनीने तिला मुलकी कपडे घालून बाजारात उभं केलं. रमणचे अर्बाब, म्हणजे मालक, सालिम त्या हट्टी लोकांपैकीच. वाळवंटात जायला म्हणून घेतली आणि जन्मभर नेली मशिदीपर्यंत. तिची सगळी उस्तवार त्यांच्या गॅरेजात रमणने केली. अर्बाब थकले तेव्हा त्यांनी चावी रमणच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "खलास. ये तुम्हारा बेटी है." पुढे अर्बाब गेले. बेटी राहिली.

तेव्हापासून अल हैलमध्ये रमण घाडी नावाचा माणूस उरला नाही, हमर रमण उरला. पंपावरचा माणूस, बेकरीवाला, नातीच्या शाळेचा वॉचमन, सगळे त्याला लांबून हात करायचे. तो स्वतः रोज सकाळी गाडीला सलाम ठोकायचा, चांगला टाच जुळवून. गॅरेजातली नोकरी गेल्या वर्षी संपली होती. अर्बाबच्या मुलाने मायेपोटी व्हिसा चालू ठेवला होता एवढंच.

रमणचं दुसरं प्रेम म्हणजे लाल सिलिकॉनची ट्यूब. इंजिनाच्या गास्केटला लावायचा हा चिकट पदार्थ त्याच्या मते जगातल्या सगळ्या भेगांवर उपाय होता. कुकरची मूठ, मंगलाची चप्पल, नातीचा कंपास आणि गेल्या वर्षी गणपतीच्या उंदराची शेपटी त्याने सिलिकॉननेच सांधली होती. बादलीतल्या विसर्जनात उंदीर विरघळला, शेपटीचा सांधा तेवढा राहिला.

सकाळी पूजेची तयारी करता करता मंगलाने विषय काढला.

"दोन तिकिटां काढलंय. पुढच्या शनवारची, मोपाच्या विमानाची. जावची फक्त, येवची नाय."

रमण चाकाखाली लिंबू ठेवत होता. टायर एवढे थोर, की लिंबू कुठे गेलं ते कळत नव्हतं. "काढूक कोणी सांगल्यान?"

"तुमीच. दर दसऱ्याक सांगतात, पुढचो दसरो गावाक."

"गाडयेचा काय ता होवंदे, मगे बघूया."

"गाडयेचा काय होवचा हा? लगीन?"

रमण बॉनेटकडे वळला. त्याने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि ते वाकडं आलं म्हणून पुसून पुन्हा काढलं. मंगला त्याच्या पाठीकडे बघत राहिली. गावी त्यांनी स्लॅबचं घर बांधलं, पडवीला लाद्या लावल्या, माडांना आळी केली. आणि त्या घरात दोघांनी मिळून उभ्या जन्मात महिनाभरही काढला नव्हता. तिचे गुडघे आताशा जिना चढताना बोलू लागले होते. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला लख्ख कळलं होतं.

जमाल आला तो थेट गाडीपाशीच गेला. रत्नागिरीकडचा हा माणूस तरुणपणी रमणबरोबर एकाच खोलीत राहिलेला. आता सहमला त्याचं किराणाचं मोठं दुकान होतं. त्याने हमरच्या मागच्या पत्र्यावर थाप मारली आणि वितीने अंतरं मोजायला लागला.

"इथे शेगडी, इथे दूध, आणि हा दरवाजा वर उघडला की झाला काउंटर. सहमच्या समुद्रावर लावायची. 'हमर करक.' पोरं गाडीत बसल्या बसल्या करक चहा घेतील रे रमण, लाइन लागेल!"

"लढायेच्या गाडयेत चाय?" रमणचा चेहरा उतरला.

"का? फौजी चहा पीत नाय?"

"जमालचाचा, थांबा, थांबा," कौशिक मधे आला. निझव्याहून टुरिस्टांना डोंगरात नेण्याचा त्याचा धंदा होता. "गाडी मला पाहिजे. पांढऱ्या फोर-व्हील सगळ्यांकडे आहेत. टुरिस्टला फील लागतो, आर्मी फील. मी वर जाळी टाकतो, मागे पाण्याचे कॅन लटकवतो..."

"आणि त्यांचे चिखलाचे बूट माझ्या सीटीर?" रमण म्हणाला.

"बाबा, ऐका माझं." अजिंक्य वकिली आवाजात बोलू लागला, तो बँकेत होता, पण घरात वकीलच असायचा. "आता त्या कंपनीच्या नव्या गाड्या विजेवर निघाल्यात. ही अँटिक झाली. कोणाला तरी द्या आणि मोकळे व्हा. मला रोज माझी गाडी गल्लीच्या टोकाला लावून चालत यावं लागतं."

"विजेर लढाई करतत?" रमणने विचारलं. "मी तिका गावाक घेवन जातंय. बोटीन."

ही धमकी जुनीच होती. मंगलाने शांतपणे फोन लावला आणि गावच्या चुलतदिराला, जनार्दनला, पडद्यावर आणून सगळ्यांच्या मधोमध धरला. जनार्दनने दसऱ्याचा नमस्कार करायच्या आतच सुरुवात केली.

"रमणा, तुझी ती गाडी पाणंदीत शिरतली, पण भायर येवची नाय. आणि माझो दगडी गडगो मी मोडूचंय नाय, आधीच सांगतंय. दुसरा म्हणजे, तुमच्या मोरीचो नळ गळता. मी फडको बांधलंय. दुरुस्तीवालो गोंयाक गेलो तो परत येवक नाय."

"बघतंय," रमण म्हणाला आणि फोन उलटा करून ठेवला. आतून जनार्दनचा आवाज काही वेळ येत राहिला.

वादाला रंग चढला. अजिंक्य आणि कौशिक, जे एकमेकांशी धड बोलत नव्हते, ते बापाविरुद्ध एक झाले आणि लगेच जमालविरुद्ध वेगळे झाले. यशश्री पुण्याची, ती सगळ्यांना पोहे देत "आपण जरा शांतपणे बोलूया का" असं म्हणत होती आणि कोणी ऐकत नव्हतं. शेवटी कौशिक वैतागून म्हणाला, "मग एक करा, गाडीलाच विचारा ना!"

"इचारूया," रमण म्हणाला.

इतक्या झटकन म्हणाला, की कौशिकच दचकला.

"कौल लावया," रमण म्हणाला. "आमी घाडी. गाऱ्हाणा घालूचो मान आमचो."

ते खरं होतं. गावच्या देवळात काही अडलं-नडलं की देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, घाडी गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. हा मान रमणचा होता खरा, पण तो विशीतच ओमानला आला आणि तिथे देवळात आजतागायत त्याच्या चुलतभावाने, म्हणजे जनार्दननेच, गाऱ्हाणी घातली.

"बाबा, ही गाडी आहे," अजिंक्य म्हणाला.

"आज तिची पूजा केलस मां? कुंकू लावलस मां? पाया पडलस मां? मगे?"

या तर्कापुढे बँकेचा अनुभव कामाचा नव्हता. सगळ्यांनी मंगलाकडे पाहिलं. ती क्षणभर विचारात पडली, मग म्हणाली, "लावा." इतकी वर्षं आपण काही न मागता थांबलो, हे देवाला माहीत आहे, तो कुठेही उभा असला, पिवळ्या पत्र्यात का असेना, तरी आपल्याच बाजूने बोलेल, असा तिला विश्वास वाटला. प्रश्न तिनेच नक्की केला: गाडी जमालभाईंना देऊन दोघांनी शनिवारी गावी जायचं का?

पण आधी उजवं कुठलं ते ठरेना.

"देवाचा उजवा की आपला?" जमालने विचारलं.

"देवाचो."

"मग गाडीचा उजवा कुठला? इथे ड्रायव्हर तर डाव्या बाजूला बसतो."

"ड्रायव्हरचा काय संबंध?" यशश्री म्हणाली. "तिचं तोंड आपल्याकडे आहे. म्हणजे तिचा उजवा तो आपला डावा."

"पण कौल मालवणातला आहे," कौशिक म्हणाला, "आणि इंडियात स्टिअरिंग उजवीकडे असतं."

"देव ओमानात आलाय ना? मग ओमानच्या साइडने बघेल," जमाल म्हणाला.

अखेर कौशिकला गाडीच्या जाळीला पाठ लावून मूर्तीसारखं उभं करण्यात आलं आणि उजवा हात वर करायला सांगितलं. ज्या दिव्याकडे हात गेला त्याला यशश्रीने कुंकू लावलं. कौशिक तोवर उगाचच आशीर्वाद देत उभा होता.

"आता सगळ्यांनी हात-पाय धुवन येवा," रमणने फर्मावलं. "उष्ट्या हातान कौल चलना नाय. तू सुदां रे जमाल."

सगळे आत गेले. परत आले तेव्हा हमरच्या रुंद जाळीवर, मधल्या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना, कुंपणावरच्या तांबड्या जास्वंदीची एकेक पाकळी लावून झाली होती. रमण डोक्याला पंचा गुंडाळून, हात जोडून उभा होता.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंगलाचं बघून सगळे म्हणाले.

"तुझे भाऊबंद कुवेतच्या लढायेत लढले, वाळयेत रुतले, तरी मागे फिराक नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां तुझ्या बंपराकडे इली हत. जी काय चूकभूल झाली आसात, ऑइल बदलूक उशीर झालो आसात, तर माफ कर, आणि काय ता खरा सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज जमालचा होता. त्याला हा प्रकार मनापासून आवडला होता.

मग सगळे खुर्च्या टाकून बसले आणि वाट बघू लागले.

पाकळ्या पडेनात.

गावाकडे कौल कधी चटकन मिळतो, कधी ताटकळवतो. तासाभराने अजिंक्य म्हणाला की वारा नाही म्हणून. कौशिक उठला आणि सहज केल्यासारखं करून त्याने दार धाडकन लावलं. रमण ओरडला, "देवाक हलवूचो नाय!" पण आवाजात म्हणावा तेवढा राग नव्हता. थोड्या वेळाने कौशिक बंपरवर चढून नाचलाही. गाडी फौजेच्या वंशातली. ती त्याच्या वजनाने कशाला हलते. जेवणं झाली. श्रीखंड झालं. सोनं म्हणून पानं वाटून झाली. पाकळ्या होत्या तिथे होत्या.

शेजारचा ओमानी म्हातारा भिंतीवरून डोकावला आणि गाडी बिघडली का म्हणून विचारू लागला. जमालने त्याला अरबीत समजावून सांगितलं, की गाडी बिघडलेली नाही, तिचं मत काय आहे ते कळायची सगळे वाट बघतायत. म्हाताऱ्याने गंभीरपणे मान हलवली. "इन्शाल्ला," तो म्हणाला, घरातून आपली खुर्ची घेऊन आला आणि त्यांच्यात बसला.

वाट बघताना माणसाला विचार करायला वेळ मिळतो आणि घराण्याला तेच बाधतं. अजिंक्य उजव्या पाकळीवर डोळे लावून बसला होता. गाडी जावी, ही त्याची किती दिवसांची मागणी. पण आज प्रथमच त्या मागणीला आईबाबांचं तिकीट जोडलेलं त्याला दिसलं. गाडी गेली की गेटमधून थेट आत गाडी घालता येईल, आणि मग दार उघडून हाक मारायला कोणी नसेल. बाबा सकाळी सलाम ठोकतात तेव्हा त्याला लाज वाटायची. आता त्याला वाटलं, उद्या अंगण रिकामं दिसलं तर आपल्यालाच तिथे उभं राहून सलाम ठोकावासा वाटेल. तो उठला आणि न बोलता खुर्ची डाव्या पाकळीच्या बाजूला नेऊन बसला.

यशश्रीने ते पाहिलं. दोन्ही तिकिटं तिनेच सासूला काढून दिली होती, मोबाइलवर, अगदी उत्साहाने. मुलीचा डबा कोण भरतं, तिला शाळेत कोण सोडतं आणि शाळेतून कोण आणतं, हे तिच्या लक्षात आलं ते आत्ता, श्रीखंडानंतर. तिला स्वतःचा राग आला. आपण सासूसाठी तिकीट काढलं तेव्हा सासूचा विचार केला, आणि आता स्वतःचा करतोय. तरी तिने खुर्ची उचलली आणि नवऱ्याशेजारी नेऊन ठेवली.

"तू पण?" अजिंक्यने हळूच विचारलं.

"ऊन येतंय तिकडे," ती म्हणाली. तिकडे ऊन नव्हतं.

कौशिकने वारं ओळखलं आणि जमालचाचांच्या कानाला लागला. आठवडाभर समुद्रावर करक, सुट्टीला डोंगरात टुरिस्ट. चहापण मिळेल, फीलपण. जमाल हसला. सकाळचे दोन शत्रू तिसऱ्या प्रहरी भागीदार झाले आणि त्यांनी आपल्या खुर्च्या उजव्या बाजूला सरकवल्या. मधे राहिली मंगला एकटी, खुर्चीसुद्धा न हलवता. रमण गाडीच्या मागच्या चाकापाशी पाट घेऊन बसला होता, आणि या सगळ्यात त्याच्याइतका निवांत कोणीच नव्हता.

जमाल असरची, दुपारनंतरची, नमाज पढून परत आला तरी काही बदललं नव्हतं. त्याची नजर मंगलाकडे गेली. खोलीतल्या दिवसांत रमण सुट्टीवरून यायचा तेव्हा हिने बांधून दिलेले लाडू सगळे मिळून खायचे आणि खाताना रमण सांगायचा, दोन वर्षं अजून, मग खलास. जमालने ते 'खलास' इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते शेवटी त्याला खरं वाटेनासं झालं होतं. आपण मात्र आज चहाची शेगडी मोजत बसलो, या विचाराने त्याला लाजल्यासारखं झालं.

"वैनी, पडेल हो," तो म्हणाला. "देव आहे."

"जमालभाई," मंगला म्हणाली, "मी रोज देवाक जास्वंद घालतंय. सकाळची पाकळी दुपारनंतर ऱ्हवत नाय. सुकता, गुंडाळता आणि पडता. ही सुकली, गुंडाळली..."

ती बोलता बोलता थांबली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि गाडीपाशी गेली. पाकळीची कड वाळून आत वळली होती, पण बूड जाळीला घट्ट होतं. मंगलाने तिथे नख लावलं. पाकळीमागे लाल, रबरासारखं काहीतरी होतं. तिने अंगठ्याने दाबलं. हेच तिच्या कुकरच्या मुठीला होतं. हेच तिच्या पायातल्या चपलेला होतं. तिने डावी पाकळी पाहिली. तिलाही होतं.

पाटावरचा निवांत माणूस उभा राहिला होता.

मंगला स्वयंपाकघरात गेली आणि उलथणं घेऊन आली. कोणालाच काही कळेना. तिने आधी उजवी पाकळी खरवडून काढली, मग डावी, आणि दोन्ही लाल गोळे तळहातावर घेऊन नवऱ्यापुढे धरले.

"देवाच्या तोंडाक सिलिकॉन लावलात?"

सगळे तिच्या तळहाताकडे वाकले. मग कौशिक हसायला लागला, अजिंक्यने कपाळावर हात मारला आणि शेजारच्या म्हाताऱ्याने जमालला विचारलं, गाडी काय म्हणाली? जमालने त्याला गप्प राहायची खूण केली, कारण मंगला हसत नव्हती. तिने उलथणं बॉनेटवर ठेवलं, पदर खांद्यावरून घेतला आणि हात जोडले. घाडींच्या घरात बाईने गाऱ्हाणं घातल्याचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा!"

मग जमाल हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"आज मी तुका काय इचारनंय नाय. सांगतंय."

"व्हय म्हाराजा," आता यशश्रीही म्हणाली.

"तरणेपणी मी वाट बघलंय चिठ्ठयेची, मगे फोनाची, मगे व्हिसाची. हडे इलंय, तरी वाट बघतच ऱ्हवलंय. थय घर आसा, त्येका माणसां नाय. हडे माणसां आसत, पण ता घर माझा नाय. ह्यांका आडवी कायम कायतरी उभी. आधी नोकरी, मगे पोरांची शाळा, मगे ही. उजवो दिलंस तरी मी शनवारी जातंय. डावो दिलंस तरी जातंय. ह्यांच्याबरोबर जावचा होता. जन्मभर तेवढाच मागलंय तुझ्याकडे."

"व्हय म्हाराजा," अजिंक्य म्हणाला. त्याने आपली खुर्ची कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं आणि उठून उभा राहिला.

रमणला वाटलं होतं, पाकळ्या पडणार नाहीत, दिवस मावळेल, कोणीतरी म्हणेल पुढच्या वर्षी बघू, आणि गाडी व आपण आहोत तिथे राहू. कोणाचंच वाईट नाही. एवढा साधा हिशोब. बायको देवापुढे असं काही मांडेल, हे त्याच्या मनात आलंच नव्हतं. तो पुढे आला, डोक्याचा पंचा काढला आणि तो हातात पिळत उभा राहिला, जणू ओला होता.

"गेल्या वर्षी सुट्टीर गेलंय," तो मंगलाला म्हणाला, पण बघत होता गाडीकडे. "देवळात गेलंय. एक पोरगो माका इचारता, 'खयचे तुमी? पावणे काय?' ज्या देवळात गाऱ्हाणा घालूचो मान माझो, थय मी पावणो. हडे गेटीभायर पडलंय की धा जण हाक मारतत. हमर रमण, हमर रमण. गाडी गेली की मी कोण? थय माका कोण वळाखता गे?"

"मी वळाखतंय," मंगला म्हणाली.

रमणने मान खाली घातली. मग मंगला कुंपणापाशी गेली, तिथून जास्वंदीची एकच पाकळी खुडून आणली आणि त्याच्या हातात दिली. सोबत पाण्याची वाटी दिली.

"नुसत्या पाण्यान लावा," ती म्हणाली. "मी जातलंय, ता ठरला. आता तुमचा तुमी इचारा."

रमणने पाकळी पाण्यात बुडवली. कुंकू लावलेल्या दिव्याच्या बाजूला, गाडीच्या उजव्या अंगाला, त्याने ती चिकटवली. डावी पाकळी मागितली नाही. सगळे पुढे सरकले. म्हातारा शेजारीसुद्धा खुर्चीवरून अर्धा उठला. पाकळी ओली होती, ताजी होती, आणि बसली होती घट्ट.

रमणने एकदा अजिंक्यकडे पाहिलं, एकदा कौशिककडे, एकदा गाडीकडे. मग तो खाली वाकला आणि त्याने पाकळीवर फुंकर मारली. पडेना. त्याने गाल फुगवून पुन्हा मारली, आणि पुन्हा, आणि चौथ्यांदा दम लागून खोकला आला तेव्हा पाकळी सुटून त्याच्या चपलेवर पडली.

"उजवो," रमण म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले, आणि शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, काय म्हणाली? जमालने सांगितलं, जा म्हणाली. म्हाताऱ्याने रमणचं अभिनंदन केलं, "मब्रूक."

रमणने खिशातून चावी काढली. जमालच्या हातात देता देता तो थांबला, टाच जुळवली आणि गाडीला एक सलाम ठोकला. त्याच्यामागे उभ्या अजिंक्यनेही ठोकला, थोडा ओशाळत. डोळे पुसायला रमण पंचा शोधू लागला, तर तो त्याच्याच हातात होता.

मंगला बॉनेटवरचं उलथणं घेऊन आत निघाली होती. दारात वळून ती म्हणाली, "आणि ती लाल ट्यूब बॅगेत घालूक इसरा नको. मोरीचो नळ गळता हा."